प्रॅक्टिकल नंबर नऊ

चि. काबाई हिस मामाचे आशीर्वाद, आणि ते घ्यावेसे वाटले नाहीत तर नुसता नमस्कार. (मोठ्याने लहानाला नमस्कार लिहू नये हे मला ठाऊक आहे. पुढचं वाचलंस की या खेपेला मी तो का लिहिला हे तुझ्या ध्यानात येईल.)

तुझी प्रकृती कशी आहे? पाठ दुखते असं तुझ्या आईकडून कळलं. दिवसभर खुर्चीत बसायचं काम म्हटल्यावर पाठ धरणारच. माझे एकोणतीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून गुडघे गेले. म्हणजे आपल्या धंद्यात बसणाऱ्याची पाठ जाते आणि उभ्याचे गुडघे जातात, एवढं तरी आपल्या दोघांत साम्य उरलं आहे. मामी ठीक आहे, तिच्या चष्म्याचा नंबर वाढला. स्वयंपाकघरातला नळ तू शेवटची आलीस तेव्हा गळत होता, तो अजून गळतो. मी तो दोनदा दुरुस्त केला आहे. हे पत्र नेहमीप्रमाणे आधी कच्चं लिहून मग फेअर केलं आहे, तेव्हा खाडाखोड सापडणार नाही. तुला आवडणार नाही असा मजकूर मात्र बराच सापडेल.

तू माझ्याशी तीन वर्षं बोललेली नाहीस. तुझा राग रास्त आहे, आणि तो कशाबद्दल आहे हे तुला मी सांगायची गरज नाही. पण मी स्वतःला अजून धड सांगितलेलं नाही, म्हणून एकदा लिहून काढतो. तू आमच्याच कॉलेजात, माझ्याच संगणक विभागात शिकत होतीस. तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला परीक्षक मी होतो. घरची मुलगी म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी मी तुला इतरांपेक्षा जरा जास्तच कसून तपासलं आणि नापास केलं. तू पदवी अर्धी टाकलीस आणि सोळा आठवड्यांत प्रोग्रामिंग शिकवून नोकरीला लावणाऱ्या त्या बूटकॅम्पात नाव घातलंस. त्यानंतर तुझ्या आईच्या नव्या घरी आपण सगळे जेवायला जमलो होतो, तेव्हा मी भरल्या पानावर जे भाषण केलं ते तुला पाठ असेलच. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण मी त्यात तीनदा वापरली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हेही म्हणालो. (घाव घालणारा माणूस हे वाक्य नेहमीच मोठ्या प्रेमाने म्हणतो.) सोळा आठवड्यांत माणूस धड पोहायला शिकत नाही, प्रोग्राम काय लिहिणार, असं विचारून मी आणखी एक वाटी आमटी मागितली. तू ताटावरून उठून गेलीस. एवढ्यावर न थांबता मी तुझ्या वडिलांना अकरा पानी पत्र लिहिलं, मुद्दे आणि उपमुद्दे घालून. त्यांना तक्रार करता यावी म्हणून शेवटी त्या बूटकॅम्पाचा पत्ताही दिला होता.

तर काबाई, गेले अकरा आठवडे रोज संध्याकाळी पाच ते आठ मी त्याच पत्त्यावर जातो आहे. ‘पदवी श्रेष्ठ की बूटकॅम्प’ या विषयावर एक तुलनात्मक निबंध लिहावा आणि त्यासाठी प्रत्यक्ष पाहणी करावी असा माझा विचार होता. हे वाक्य मी विभागातल्या सहकाऱ्यांना सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं आणि आरशालाही सांगून पाहिलं. तुला सांगवत नाही. खरं कारण ऐक.

आमच्याकडे नवे प्राचार्य आले. त्यांनी फर्मान काढलं की यापुढे प्रोग्रामिंगचे शिक्षक फळ्यावर लिहिणार नाहीत. मुलांसमोर, मोठ्या पडद्यावर, यंत्रावर चालवून दाखवतील. मला यात काही वावगं वाटलं नाही. फळ्यावर लिहिलेल्या माझ्या प्रोग्रामला एकोणतीस वर्षांत एकदाही एरर आलेली नाही. (फळ्याला ती सोयच नाही, हे त्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रथम माझ्या लक्षात आलं.) पहिल्या वर्षाची बासष्ट मुलं समोर, पडद्यावर दहा ओळींचा प्रोग्राम, आणि तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ. ती मी दुरुस्त केली तर पाचवीखाली आली. पाचवी दुरुस्त केली तर तिसरी परत आली, सोबत सातवीला घेऊन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या, पण माझ्या अक्षराखाली लाल रेघ मी प्रथमच बघत होतो. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, सर मी करू का, असं हळूच म्हणाली, आणि दोन बटणं दाबून जागेवर जाऊन बसली. प्रोग्राम चालला. कुणीही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. पोरांनी माना खाली घालून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं, तेच मला फार लागलं.

मग शिकायचं तर कुठे? मला एकाच बूटकॅम्पाचा पत्ता माहीत होता, कारण तो मीच सुवाच्य अक्षरात लिहून तुझ्या वडिलांना पाठवला होता. घरी मामीला सांगितलं की कच्च्या विद्यार्थ्यांचे जादा तास घेतले जात आहेत. (हे खोटं नाही. विद्यार्थी कोण, ते तिने विचारलं नाही.)

तुला ती जागा माहीतच आहे. चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला, काचेचं दार, लांबलचक टेबलं. पहिल्या दिवशी मी आत जाऊन शिक्षकाची उभं राहायची जागा शोधत होतो, तिथे उभं राहायला नव्हे तर तिच्यापासून लांब बसायला. ती सापडली नाही. चाकांच्या खुर्च्यांची मला सवय नाही. मी अदबीने टेकलो, तशी खुर्ची मला घेऊन मागे निघाली आणि भिंतीवर आपटून थांबली. भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो आहेत, कोण आता कुठे काम करतं ते खाली लिहिलं आहे. वर मान करून पाहतो तर बरोबर माझ्या डोक्यावर तू. हसते आहेस. खाली तुझ्या कंपनीचं नाव आणि ‘सहा जणांच्या गटाची प्रमुख’. त्या दिवसापासून मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो, आणि अकरा आठवडे माझ्या मानेला काहीतरी टोचतं आहे.

आमच्या मास्तरीणबाई सव्वीस वर्षांच्या आहेत. इथे सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची असा नियम आहे. मला नावाने हाक मारायचा धीर कुणाला झाला नाही. मला माझ्या नावाने हाक मारणारी माणसं आता घरातसुद्धा उरलेली नाहीत. मग ‘मास्तर’वर तडजोड झाली. दुसरा नियम जोडीचा. एका यंत्रावर दोघांनी बसायचं, एकाने टाइप करायचं आणि दुसऱ्याने काय लिहायचं ते सांगायचं, अर्ध्या तासाने बदली. (आमच्याकडे याला कॉपी म्हणतात आणि त्यासाठी पेपर काढून घेतात.) माझ्या जोडीला एक शिंपीणबाई आल्या. वीस वर्षं त्यांचं ब्लाउज-परकराचं दुकान होतं. आता सुईत दोरा ओवताना डोळ्यांतून पाणी येतं म्हणून या धंद्यात उतरल्या आहेत. बाईंना भीती म्हणून ठाऊक नाही. मी वहीत समास आखून, मथळ्याखाली लाल रेघ मारून, शाईने प्रोग्राम लिहून काढायचो आणि मग त्यांना वाचून दाखवायचो. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मास्तर, तुमची वही यंत्राला दिसत नाही हो. लिहून तर बघू. नाही बसलं तर उसवू.” मी त्यांना उसवण्याचे तोटे समजावून सांगत होतो तोवर त्यांनी लिहिलं, चुकलं, उसवलं, पुन्हा लिहिलं आणि चाललं. मी पेनाला टोपण लावलं.

आता लाजेची पहिली गोष्ट. (पहिली म्हणजे लहान.) पाचव्या आठवड्यात आम्हा सहा जणांच्या गटाला एक काम मिळालं: दवाखान्यात पेशंटना नंबर देणारा प्रोग्राम. सगळे मिळून एका सामायिक वहीत लिहितात, वही म्हणजे यंत्रातली. कोणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, कुणाचं काय चुकलं, सगळं मागचं त्यात जसंच्या तसं राहतं आणि कुणालाही उलटं जाऊन बघता येतं. मला हे बघवेना. आपल्याकडे कच्चं काम वेगळं, फेअर वेगळं. सबमिशनच्या दिवशी कच्चं फाडून टाकायचं हे मी एकोणतीस वर्षं शिकवलं. नऊ दिवस मी सहा जणांची खाडाखोड सहन केली आणि दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, घरी बसून मोठ्या मनाने सगळ्यांचं काम फेअर केलं. शुद्धलेखन सुधारलं, ओळी सरळ केल्या, तेच तेच वाटणारे भाग काढून टाकले. मग त्या सामायिक वहीतलं मागचं सगळं पुसून त्या जागी माझी एक स्वच्छ प्रत ठेवली. यंत्राने तीनदा बजावलं की पुसलेलं परत मिळणार नाही. मी म्हटलं, मिळूच नये.

सोमवारी सगळ्यांनी रोजच्यासारखी आल्या आल्या नवी प्रत उतरवून घेतली आणि आपली जुनी गमावली. मी कुणी कौतुक करतंय का याची वाट बघत बसलो होतो. प्रोग्राम अर्थातच चालेना, कारण तेच तेच वाटलेले भाग तसे नव्हते. सहा जणांचं नऊ दिवसांचं काम, आणि त्यातले दोघे दिवसभर नोकरी करून डोळे चोळत येणारे. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर मी त्याला पालकांना घेऊन यायला सांगितलं असतं. मास्तरीणबाईंनी फक्त विचारलं की जुनी प्रत कुणाकडे आहे का. तेवढ्यात शिंपीणबाई उशिराने आल्या (गिऱ्हाइकाचा शेवटचा एक झगा पोचवून) आणि म्हणाल्या की माझ्याकडे आहे की, रोजची वेगळी ठेवलेली. का ठेवली विचारलं तर म्हणाल्या, “कागदी माप कधी फेकू नये. कपडा बिघडला की त्याच्यावरच यावं लागतं.” काम वाचलं. मी सगळ्यांना चहा आणून दिला. त्यातला एक सांडला, तोही मीच पुसला.

तुला वाटेल मामा आता पुरता विरघळला आणि बूटकॅम्पाचे गोडवे गायला लागला. तसं नाही. ही मंडळी भराभर शिवतात खरी, पण कापड कशाचं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सातव्या आठवड्यात मास्तरीणबाईंनी गंमत म्हणून चाळीस हजार खोटे पेशंट आत सोडले, आणि प्रोग्राम बत्तीस हजार सातशे सदुसष्टला पोचून ठार अडला. तासभर सगळे इंटरनेटवर शोधत होते. मी तो आकडा बघितला आणि मला गर्दीत गाववाला भेटल्यासारखं झालं. उठलो, पाठकोऱ्या कागदावर सोळा चौकोन काढले, एक वजा-अधिकच्या खुणेसाठी राखून ठेवला आणि उरलेल्या पंधरांत याहून मोठा आकडा का मावत नाही ते सांगितलं. नंबर लिहायची जागाच आपण लहान आखली आहे, मोठी आखा. पाच मिनिटांत काम झालं. मास्तरीणबाई म्हणाल्या की हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी घरी शीळ घालत गेलो. मामीने विचारलं की कच्ची मुलं पास झाली वाटतं. मी हो म्हणालो.

तिथेच माझं डोकं फिरलं. गटाने मान देऊन मला सांगितलं की पेशंटची क्रमवार यादी लावायचा भाग मास्तरांनी लिहावा. मी म्हटलं, नवीन लिहायची गरजच नाही. एकोणीस वर्षं मी जो प्रोग्राम दर वर्षी फळ्यावर लिहून देतो, तो आणतो. प्रॅक्टिकल नंबर नऊ.

हा आकडा वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील तर पुन्हा उचल, एवढी विनंती.

प्रॅक्टिकल नंबर नऊ म्हणजे गुणांप्रमाणे मुलांची यादी. प्रत्येक मुलाच्या पुढे किती जण आहेत ते मोजायचं आणि त्याप्रमाणे त्याला खुर्ची द्यायची; पुढे कुणी नाही तो पहिल्या खुर्चीत, दोघे आहेत तो तिसऱ्या. सरळ, सुटसुटीत, एकेचाळीस ओळी. पेशंटसाठी मी गुणांच्या जागी येण्याची वेळ घातली. शिंपीणबाईंनी तपासायला घेतला. इथे एक पद्धत आहे (तुला काय सांगायचं, पण मला नवी होती) की प्रोग्राम बरोबर आहे का हे माणसाने ठरवायचं नाही, आधी त्याच्यासाठी आडवेतिडवे प्रश्न लिहून ठेवायचे. बाईंच्या दुकानात दोन जुळ्या बहिणी यायच्या, नेहमी एकत्र. बाईंनी त्याच दोघी पाठवल्या, एकाच मिनिटाला. यादी आली. बाईंनी ती वरून खाली बोट फिरवत वाचली आणि म्हणाल्या, “मास्तर, थोरली कुठे गेली?”

मी म्हटलं, तुमच्या टायपिंगची चूक असेल. त्यांनी पुन्हा घातल्या. थोरली पुन्हा गेली आणि तिच्या खालची जागा मोकळी. कारण दोघींच्या पुढे सारखीच माणसं, म्हणून दोघींना खुर्ची एकच. आणि माझ्या प्रोग्रामात दुसरी येणारी शेजारी बसत नाही, पहिलीला उठवूनच बसते. एकोणीस वर्षं, काबाई. एकोणीस तुकड्यांतल्या मुलांनी ही चूक सुंदर अक्षरात उतरवून काढली, मी खाली सही केली, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? उदाहरणातली पाच मुलं मीच दिलेली, गुण सगळ्यांचे वेगवेगळे, आणि यंत्रावर कोण चालवतो? उत्तरही फळ्यावरून उतरवायचं.

नाही, ‘कुणाच्या लक्षात आलं नाही’ हे खोटं आहे. हेही खोडून दुसरं लिहिणार होतो, पण आता राहू दे.

मी यंत्र तसंच टाकून घरी आलो. दुसऱ्या दिवशी विभागातल्या माळ्यावरच्या जुन्या जर्नली उपसल्या. तुझ्या वर्षाच्या मी तपासायला घरी आणल्या होत्या, त्या घरच्याच रद्दीत गेल्या होत्या. घरी येऊन इथले खण उघडत बसलो, तेव्हा मामी भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली की पिवळ्या कव्हरची शोधत असाल तर माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली. (तिला बिचारीला यातलं काही कळलेलं नाही. एका बाजूने कोरी म्हणून ठेवली असेल.) पलंगावर बसून पान त्रेचाळीस उघडलं. डावीकडे, जिथे आकृती काढायची, तिथे तुझं अक्षर: ‘दोघांचे गुण सारखे असतील तर? चालवून पाहिलं. एक मूल नाहीसं होतं. का?’ आणि उजवीकडे दुरुस्त केलेला प्रोग्राम, चार ओळी जास्त, बरोबर. त्या दोन्ही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माझी लाल फुली, आणि खाली माझा शेरा: ‘फळ्यावर दिल्याप्रमाणे लिहावे.’

तोंडी परीक्षेत तू पुन्हा विचारलं होतंस. तुला लहानपणापासून आम्ही काबाई म्हणतो ते दर वाक्यामागे का विचारतेस म्हणून. ते नाव मीच ठेवलं होतं आणि चारचौघांत मिरवलंही होतं. त्या दिवशी मात्र टेबलापलीकडून मी तुला म्हणालो की ही का विचारायची जागा नव्हे. आणि तुला आज जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझा प्रोग्राम चूक वाटला म्हणून मी फुली मारली नव्हती. मी तो वाचलाच नव्हता. माझ्यासारखा दिसत नव्हता, एवढं बघितलं आणि पेन उचललं. तुझी पदवी त्या फुलीने गेली. मला लाज वाटते. शब्द जुना आहे, पण दुसरा सापडत नाही, आणि फार सजवला तर तोही फेअर केल्यासारखा होईल.

मी प्राचार्यांना लेखी कळवलं की त्या वर्षीचे तुझे प्रॅक्टिकलचे गुण चुकीचे दिले गेले, दुरुस्त करावेत. उत्तर आलं की तीन वर्षांनंतर निकाल बदलता येत नाही. मग मंगळवारी वर्गात गेलो. बासष्ट मुलांसमोर मोठ्या पडद्यावर प्रॅक्टिकल नंबर नऊ चालवला, दोन मुलांना सारखे गुण दिले आणि एक मूल नाहीसं करून दाखवलं. ही चूक माझी आहे आणि एकोणीस वर्षांची आहे, असंही सांगितलं. पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीने विचारलं, “सर, इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही?” मी म्हणालो, एकीने विचारलं होतं. मग तिचं काय झालं, हे तिने विचारलं तेवढ्यात घंटा झाली. काबाई, घंटेला अजून तीन मिनिटं होती. ती पलीकडच्या शाळेची होती. तरी मी हजेरीपट उचलून बाहेर पडलो.

असो. पदवी श्रेष्ठ की बूटकॅम्प, या निबंधाचं मी काय केलं ते विचारू नकोस. दोन्ही ठिकाणी मला भेटलेली चांगली माणसं म्हणजे प्रश्न विचारणारी, आणि दोन्ही ठिकाणचा गाढव मीच. एवढ्यावर निबंध होत नाही.

पाठीला गरम पाण्याची पिशवी घे. कळावं म्हणून हे लिहिलं. लोभ असावा असं लिहायचा मला हक्क उरलेला नाही. राग जमल्यास चार आणे कमी असावा.

तुझा,
मामा

ता. क. मामीला यातलं अक्षरही माहीत नाही. तिचं माझ्याविषयी बरं मत आहे, ते निदान सोळा आठवडे पुरे होईपर्यंत टिकावं. तिच्याशी फोनवर बोलताना जपून.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. इथे शेवटी प्रत्येकाने आपापलं एक काम सादर करायचं असतं आणि ते तपासायला बाहेरचा, धंद्यात असलेला माणूस लागतो. मी प्रॅक्टिकल नंबर नऊ नव्याने लिहिला आहे, सुरुवातीला तुझाच प्रश्न ठेवून, तुझ्याच शब्दांत. परीक्षक म्हणून तुझं नाव द्यावं की नाही हे तुला विचारण्यासाठीच खरं तर हे पत्र. (नाव मी मागच्या बुधवारी देऊन टाकलं आहे.) अर्जात ‘परीक्षकाशी नातं’ असा रकाना होता. त्यात आधी ‘मामा’ लिहिलं, मग खोडून ‘ते तिच्यावर अवलंबून’ असं लिहिलं. मास्तरीणबाई म्हणाल्या चालेल.

ता. क. तिसरा. नापास करायचं झालं तर बेलाशक कर, मी कुठे दाद मागणार नाही. फक्त आधी वाच.

बाळ, मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. अकरा आठवडे हे पिशवीत लॅपटॉप घालून वर एक दोडका ठेवून बाहेर पडतात आणि तोच दोडका घेऊन परत येतात, मला काय कळायचं! तुझी जर्नल मी रद्दीवाल्याच्या तागडीतून उचलली होती. पत्र ह्यांनी बरं लिहिलंय, पण फेअर करताना एक ओळ गळली. कच्चे कागद टोपलीत होते, त्यातला पहिला सोबत घालते आहे. त्याच्यावर एवढंच आहे, चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलेलं: ‘काबाई, माझं चुकलं.’